त्रिशूरला राहायला जाताय? मल्याळम मराठीतूनच शिका

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे यजमान त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवण्याच्या, दुकानात आहेत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत त्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिकडे राहायला निघाल्यात. मोबाइलवर पाचशे मल्याळम शब्दांची यादी उतरवून घेतलीय, रोज वीस शब्द पाठ करतात, पण आठवडाभरात त्यातले निम्मे विसरतात. रोजचे शब्द लक्षात राहावेत म्हणून काय करायचं, लिपी आधी शिकायची का, आणि हिंदीवर भागणार नाही का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी त्रिशूरमध्येच राहते. खानापूर, आटपाडी, तासगावकडून सोन्या-चांदीच्या आटणीच्या धंद्यासाठी इकडे आलेल्या घरांतल्या बायकांना आणि दुकानातल्या नव्या पोरांना मी बोलण्यापुरतं मल्याळम शिकवते. त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. उत्तर जरा लांबेल.

ताई, ती पाचशे शब्दांची यादी बाजूला ठेवा. तुमची स्मरणशक्ती चांगलीच आहे, अडचण यादीत आहे. तशा याद्या बहुतेक इंग्रजीवरून बनवलेल्या असतात, म्हणून त्यात 'हत्ती', 'जांभळा', 'पुतण्या' हे शब्द पहिल्याच पानावर येतात आणि 'नको', 'पुरे', 'जमेल का' हे शेवटपर्यंत येत नाहीत. दिवसभर तोंडात असतात ते हेच शब्द. मल्याळम ही द्राविड भाषा, आपल्या मराठीचं कूळ वेगळं. तरीही बोलण्याची कितीतरी वळणं दोघींत इतकी सारखी आहेत की मराठी माणसानं हिंदी किंवा इंग्रजीच्या आडवाटेनं मल्याळमकडे जाणं म्हणजे वेळ घालवणं आहे. सरळ मराठीतून जा. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिले चार शब्द घ्या : वेणम्, वेण्ड, मदि, उण्ड्. वेणम् म्हणजे हवं. वेण्ड म्हणजे नको. मदि म्हणजे पुरे. उण्ड् म्हणजे आहे. 'नको' साठी एकच सुटा शब्द हिंदीत नाही, तिथे 'नहीं चाहिए' असं फिरून यावं लागतं. मल्याळममध्ये तो आहे आणि अगदी आपल्यासारखाच वापरतात. 'ऎनिक्क्' म्हणजे 'मला' (ऎ, ऒ, ऴ कसे म्हणायचे ते पुढे उच्चारात सांगते). ऎनिक्क् वेणम्, मला हवं. ऎनिक्क् वेण्ड, मला नको. प्रश्न करायचा असेल तर आपण शेवटी 'का' लावतो, ते शेवटी 'ओ' लावतात. वेणो? हवं का? उण्डो? आहे का? मदियो? पुरे का? एवढ्यावर जेवणाच्या पानावरचं सगळं बोलणं होतं.

'मदि' वर जरा थांबते, कारण हा शब्द नीट हाती आला की तुमचं बोलणं एकदम तिथल्या माणसासारखं वाटायला लागतं. कुणी विचारलं, चहा घेणार की कॉफी, तर उत्तर 'चाय मदि'. म्हणजे चहा चालेल, चहाच पुरे. रिक्षावाल्याला सांगायचंय की इथे थांबवा, तर 'इविडॆ निर्त्तियाल् मदि', इथे थांबवलंत की झालं. नुसतं 'थांबवा' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मऊ आहे आणि तिथले लोक असंच बोलतात. समोरचा तुमच्याशी तुटक हिंदीत बोलायला लागला तर म्हणा, 'मलयाळत्तिल् पऱञ्ञाल् मदि', मल्याळममध्येच सांगितलंत तरी चालेल. हे वाक्य मी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी घोटायला लावते.

हिंदीचं उत्तर इथेच देऊन टाकते. भागेल. केरळात शाळेत हिंदी शिकवतात, शिवाय बंगाल, आसाम, ओडिशातून आलेल्या कामगारांमुळे दुकानदारांना कामापुरती हिंदी येते. आणि अडचण नेमकी तीच आहे. तुम्ही हिंदीत सुरुवात केलीत की ते हिंदीतच उत्तर देणार. अशी वर्षानुवर्षं त्रिशूरात राहून 'कितना हुआ' च्या पुढे न गेलेली आपली माणसं मी पाहिलीत. शेजारीण आजारी पडली, मुलाच्या शाळेत सभा झाली, लग्नघरी बोलावणं आलं, की ही माणसं कोपऱ्यात गप्प बसतात. मला ते बघवत नाही. म्हणून सांगते, पहिला महिना अडखळलात तरी चालेल, पण तोंड उघडाल ते मल्याळममध्येच.

आता मराठीशी जुळणाऱ्या आणखी काही वळणांकडे या.

'इल्ल' म्हणजे नाही आणि 'अल्ल' म्हणजे नव्हे. पाल् इल्ल, दूध नाही. इद् पाल् अल्ल, हे दूध नव्हे. हिंदीतून शिकणारे या दोघांत कायम गोंधळतात, तुम्हाला गोंधळायचं कारण नाही. 'अल्ले?' म्हणजे 'नाही का?' किंवा 'हो ना?'. 'ञङ्ङळ्' म्हणजे आम्ही आणि 'नम्मळ्' म्हणजे आपण, तुम्हालाही धरून. हा भेदही मराठीत जसाच्या तसा आहे. शेजारणीला 'उद्या आपण देवळात जाऊ' म्हणताना चुकून 'आम्ही' वाला शब्द आला तर ती तुमच्याबरोबर निघणारच नाही, तेव्हा हा फरक मराठीत जसा पाळता तसाच पाळा.

आपण 'मला' लावून जे जे बोलतो, त्यातलं बहुतेक त्यांच्याकडेही 'ऎनिक्क्' लावूनच आहे. ऎनिक्क् अऱियाम्, मला माहीत आहे. ऎनिक्क् अऱियिल्ल, मला माहीत नाही. ऎनिक्क् इष्टमाण्, मला आवडतं. ऎनिक्क् मनस्सिलायि, मला समजलं. ऎनिक्क् मनस्सिलायिल्ल, मला समजलं नाही. ऎनिक्क् पनियाण्, मला ताप आहे. ऎनिक्क् पोणम्, मला जायचंय. आणि सगळ्यात कामाचं : पट्टुमो? जमेल का? पट्टिल्ल, जमणार नाही. 'नाळॆ वरान् पट्टुमो?', उद्या यायला जमेल का? गळता नळ दुरुस्त करणाऱ्यापासून शाळेच्या रिक्षावाल्यापर्यंत हे वाक्य सगळीकडे चालतं.

'आयि' म्हणजे झालं. ऎत्रयायि? किती झाले? बिल विचारताना नेमके हेच शब्द. 'ऎन्दायि?', काय झालं, कुठवर आलं? बातमी विचारायची असेल तर 'ऎन्दुण्ड् विशेषम्?', काय विशेष? नव्यानं लग्न झालेल्या मुलीला मात्र 'विशेषम्' काही आहे का असं विचारलं की त्याचा अर्थ गोड बातमी आहे का असा होतो, तेवढं ध्यानात ठेवा. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तेही 'पोयिट्ट् वराम्' म्हणतात, जाऊन येते. 'जेवण झालं का?' च्या जागी 'कऴिच्चो?' आणि उत्तर 'कऴिच्चु'. हो-नाहीला 'अदॆ' आणि 'इल्ल' असे शब्द आहेत खरे, पण बोलताना आपल्यासारखंच क्रियापद परत म्हणतात. उण्डो? उण्ड्. वेणो? वेणम्. वन्नो? वन्नु.

क्रियापदाबद्दल तर आनंदाचीच बातमी आहे. मराठीत गेलो, गेले, गेलास, गेली, गेलं, गेल्या. मल्याळममध्ये या सगळ्यांना एकच, पोयि. मी, तू, तो, ती, ते सगळे, कुणीही जावो, पोयि. वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, तमिळसारखे माणसागणिक बदलणारे प्रत्ययही नाहीत. पोयि गेला, पोगुम् जाईल, पोयिल्ल गेला नाही, पोगिल्ल जाणार नाही. 'इल्ल' आपल्या 'नाही' सारखं मागे येऊन बसतं. म्हणून नवं क्रियापद शिकताना त्याची भूतकाळाची आणि भविष्याची अशी दोन रूपं एकत्र शिका : वन्नु-वरुम् (आला, येईल), कऴिच्चु-कऴिक्कुम् (खाल्लं, खाईल), पऱञ्ञु-पऱयुम् (सांगितलं, सांगेल), कण्डु-काणुम् (पाहिलं, पाहील), वाङ्ङि-वाङ्ङुम् (विकत घेतलं, घेईल).

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मराठी मदतीला येत नाही. 'देणं' त्यांच्याकडे दोन आहेत. मला किंवा तुला द्यायचं असेल तर 'तरुग', तिसऱ्याला द्यायचं असेल तर 'कॊडुक्कुग'. ऎनिक्क् तरू, मला द्या. मोन् कॊडुक्कू, मुलाला द्या. दुकानातली पोरं इथे हमखास घसरतात, कारण मराठीत दोन्हीकडे 'द्या' च आहे. यासाठी वेगळा सराव करायचा. घरात डब्यातून काही काढून देताना प्रत्येक वेळी मनात विचारा, घेणारा कोण?

उच्चाराकडे येते. मराठी माणसाला मल्याळमचे निम्मे अवघड आवाज आधीच येतात. ळ आणि ण आपल्या घरचेच. 'कल्ल्' म्हणजे दगड आणि 'कळ्ळ्' म्हणजे माडी, हा फरक तुम्हाला आपोआप ऐकू येईल. कठीण जातात त्या तीन गोष्टी.

पहिली, ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ. मराठीत ए आणि ओ आखूड-लांब म्हणून शब्द बदलत नाही. मल्याळममध्ये बदलतो. मी वहीत आखूड स्वराला ऎ, ऒ अशी खूण करायला लावते, इथेही तीच वापरलीय. 'कॊडि' म्हणजे झेंडा, 'कोडि' म्हणजे कोटी. रोजच्या वापरातली खरी खाच वेगळीच आहे : 'पॊडि' म्हणजे पूड, मुळगुपॊडि म्हणजे मिरचीपूड. यातला ओ लांबवलात तर 'पोडी' होतं, आणि ते एखाद्या मुलीला 'चालती हो' म्हणण्यासारखं आहे. दुकानदार समजून घेईल, पण पहिल्या दिवसापासून आखूडच म्हणा.

दुसरी, तो प्रसिद्ध ऴ. मऴ म्हणजे पाऊस, पुऴ नदी, वऴि वाट, पऴम् पिकलेलं फळ, बहुतेक वेळा केळं. ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, ऴ म्हणताना ती तशीच वळवायची पण लागू द्यायची नाही. इंग्रजी पाट्यांवर याला झेड-एच लिहितात आणि त्यावरून आपण कोझिकोड, अलप्पुझा वाचतो. तिथे कुणीही झ म्हणत नाही. ऴ जमेपर्यंत ळ म्हणा, कळतं लोकांना. तसंच इंग्रजीत टी-एच दिसलं की थ वाचू नका, तो त आहे. 'लथा' नावाची कुणी नसते, ती लताच.

तिसरी, शब्दाच्या शेवटचा अर्धा उ. वीड् (घर), उण्ड्, पत्त् (दहा) हे शब्द मराठी हलंतासारखे तोडायचे नाहीत आणि 'वीडू' असे ओढायचेही नाहीत. तोंड मिटता मिटता एक ओझरता स्वर सुटतो, तेवढाच. हे लिहून समजत नाही, कुणाला तरी दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा आणि ऐका : ऒन्न्, रण्ड्, मून्न्, नाल्, अञ्ज्, आऱ्, एऴ्, ऎट्ट्, ऒम्बद्, पत्त्. एकामागोमाग तो स्वर दहा वेळा कानावर पडतो. याशिवाय 'ऎन्डॆ' (माझा) सारख्या शब्दांत एक आवाज ट-ड च्या पुढे, वरच्या हिरडीपाशी येतो, पण त्याची काळजी पहिल्या वर्षी करू नका.

आकड्यांचं निघालंच आहे तर, वीसच्या पुढचे आकडे मराठीपेक्षा फार सोपे आहेत. आपल्या मुलांना एकोणसाठ, एकुणसत्तर रडवतात. इथे पन्नास अम्बद् आणि नऊ ऒम्बद्, म्हणून एकोणसाठ म्हणजे अम्बत्तियॊम्बद्. दशक आणि एकक जोडलं की झालं. पाव-अर्धा-पाऊणही आपल्यासारखेच सुटे शब्द आहेत : काल्, अर, मुक्काल्. दीडला ऒन्नर. सोन्याचा भाव तिथे तोळ्यावर बोलत नाहीत, पवनवर बोलतात, एक पवन म्हणजे 8 ग्रॅम. दागिन्याच्या घडणावळीला पणिक्कूलि. यजमानांना हे ठाऊक असेलच, पण शेजारणी तुमच्याशी गळ्यातल्याबद्दल बोलतील तेव्हा हे शब्द कानावर पडणार.

आता किराणा दुकानातलं एक बोलणं पूर्ण लिहिते. हे जसंच्या तसं पाठ केलंत तरी चालेल.

'चेट्टा, शर्क्कर उण्डो?'
'उण्ड्. ऎत्र वेणम्?'
'अर किलो मदि.'
'वेऱॆ?'
'ऒरु तेङ्ङ.'
'वेऱॆ ऎन्दॆङ्गिलुम् वेणो?'
'वेण्ड. ऎत्रयायि?'
'नूट्टिरुबद्. चिल्लऱ उण्डो?'

दादा, गूळ आहे का? आहे, किती हवा? अर्धा किलो पुरे. आणखी? एक नारळ. आणखी काही हवंय? नको, किती झाले? एकशे वीस, सुट्टे आहेत का? यात 'चिल्लऱ' तुम्हाला ओळखीचा वाटला असेल, आपली चिल्लरच. उरलेले पैसे मागायचे तर 'बाक्कि'. आणि 'शर्क्कर' म्हणजे साखर नाही, गूळ. साखरेला पञ्चसार म्हणतात. नव्यानं आलेली प्रत्येक बाई एकदा तरी साखर समजून गूळ घरी आणते.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची ही गंमत पुढेही भेटत राहील. मल्याळममध्ये संस्कृत शब्द रग्गड आहेत आणि त्यामुळे पहिल्या आठवड्यात खूप धीर येतो, पण अर्थ तपासल्याशिवाय वापरू नका. 'संसारम्' म्हणजे बोलणं, संसार नव्हे. 'सावधानम्' म्हणजे सावकाश. 'सावधानम् पऱयू' म्हणजे हळू सांगा, आणि हे तुम्हाला रोज लागणार. 'सङ्कटम्' म्हणजे दुःख, वाईट वाटणं. 'चरित्रम्' म्हणजे इतिहास. 'प्रसङ्गम्' म्हणजे भाषण. 'मत्सरम्' म्हणजे स्पर्धा, तेव्हा शाळेतून मुलाच्या 'मत्सरम्' ची चिठ्ठी आली तर घाबरू नका. 'कल्याणम्' म्हणजे लग्न. उलट 'भयङ्गर' अगदी आपल्यासारखंच वापरतात, 'भयङ्गर इष्टमाण्', भयंकर आवडतं. पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांना दिलेले शब्दही सापडतील : इस्तिरि, चावि, अलमार, लिलावाला लेलम्, पेरूला पेरय्क्क.

माणसांना हाक कशी मारायची हे शब्दांइतकंच महत्त्वाचं आहे. 'नी' म्हणजे तू, 'निङ्ङळ्' म्हणजे तुम्ही. पण वयानं मोठ्या माणसाला तोंडावर निङ्ङळ् म्हणणं उत्तरेकडे मलबारात चालतं, त्रिशूरपासून खाली दक्षिणेत ते जरा कोरडं वाटतं. म्हणून सर्वनाम टाळायचं आणि नातं लावायचं. चेट्टन् म्हणजे दादा, हाक मारताना चेट्टा. चेच्चि म्हणजे ताई. मुस्लिम दुकानदाराला इक्का. वयस्क बाईंना अम्मे. 'चेच्चि कऴिच्चो?', ताई जेवलात का? वाक्यात 'तुम्ही' नाही आणि मान पूर्ण आहे. मुलाच्या बाईंना किंवा सरांना 'टीचर'. 2023 मध्ये राज्याच्या बालहक्क आयोगानं शिक्षक स्त्री असो की पुरुष, 'टीचर' म्हणावं असं सांगितलं होतं, आणि प्राथमिक शाळेत बाईंना तसंही तेच म्हणतात. 'ऎडा', 'ऎडी' हे अरे-अगं आहेत, जिवलगांसाठी. सिनेमा बघून ते उचलू नका. आभारासाठी 'नन्दि' हा शब्द यादीत पहिला असतो, पण तो भाषणातला आणि पाटीवरचा आहे. दुकानात कुणी म्हणत नाही. हसून 'शरि' म्हणा, किंवा सरळ थँक्स.

यादीतली आणखी अशीच वाक्यं म्हणजे 'सुखमाणो?' आणि 'निङ्ङळुडॆ पेर् ऎन्दाण्?'. चूक नाहीत, पण पुस्तकी आहेत. बोलताना 'पेरॆन्दा?' एवढंच. लिहिण्याचं मल्याळम आणि बोलण्याचं मल्याळम यांत बरंच अंतर आहे. 'ऎन्दाण्' चं 'ऎन्दा' होतं, 'ऎविडॆयाण्' चं 'ऎविड्या', 'पोगुन्नु' चं 'पोणु'. त्यात त्रिशूरची बोली आणखी वेगळी. तिथे 'काय?' ला 'ऎन्दूट्टा?' म्हणतात. वाक्याच्या शेवटी 'ट्टा' लावतात, आपल्या 'बरं का' सारखं : 'वराम् ट्टा', येते बरं का. मित्राला 'गडि' म्हणतात, हो, आपल्यासारखंच गडी. हे ऐकून समजून घ्या, मात्र स्वतः बोलताना काही महिने साधीच रूपं वापरा. परक्या माणसाच्या तोंडी एकदम ठसकेबाज बोली आली की समोरच्याला ती नक्कल वाटू शकते.

गावांची नावं बोलताना बदलतात तेव्हा दचकू नका. आपण ठाण्याला, पुण्याला म्हणतो, ठाणेला म्हणत नाही. तेच इथे. ऎऱणागुळम् हे गाव, पण ऎऱणागुळत्त् म्हणजे एर्नाकुळमला. कोट्टयम्-कोट्टयत्त्, कॊल्लम्-कॊल्लत्त्. घर वीड्, पण घरात वीट्टिल्. सामान्यरूप पाळायची सवय मराठी माणसाला असतेच, फक्त हे इथेही असतं एवढं माहीत हवं. 'नाड्' म्हणजे गाव, मुलूख. 'नाट्टिल् ऎविड्या?' म्हणजे गाव कुठलं तुमचं? शेजारपाजारची पहिली चौकशी हीच असणार. 'महाराष्ट्रयिला, साङ्ग्लि जिल्ल' असं सांगा, जिल्हा हा शब्द दोघांचा एकच.

बसमध्ये बायकांच्या जागा पुढच्या बाजूला असतात. उतरायचं असेल तर 'आळिऱङ्ङणम्' असं मोठ्यानं म्हणायचं, माणूस उतरायचाय. कुजबुजून चालत नाही, बस पुढे जाते.

लिपीबद्दल. आधी शिकू नका, पण टाळूही नका. पहिला महिना कान आणि तोंड, वही देवनागरीत. मग लिपी. अक्षरांचा क्रम आपलाच, अ आ इ ई, क ख ग घ, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही. 1971 च्या लिपीसुधारणेनं बरीच जोडाक्षरं सुटी झाली, तरी पाट्यांवर जुनी वळणंही दिसतात. मी पुस्तकापासून सुरू करत नाही, बसच्या पाट्यांपासून करते. त्रिशूरच्या शक्तन बसस्टँडवर अर्धा तास उभं राहा. गुरुवायूर, चालक्कुडि, इरिङ्ङालक्कुड, कॊडुङ्ङल्लूर ही नावं सारखी समोरून जातात, नाव आधीच माहीत असतं, त्यामुळे अक्षर सापडतं. तुमच्यासाठी लिपी लवकर शिकण्याचं आणखी एक कारण आहे. 2017 च्या कायद्यानं केरळातल्या शाळांत दहावीपर्यंत मल्याळम शिकवणं सक्तीचं झालंय, म्हणजे मुलाच्या दप्तरात ते पुस्तक येणारच. त्याच्याबरोबर बसा. त्याला जे पहिलीत शिकवतील तेच तुम्हाला हवंय. वर्ग हवा असेल तर केरळ राज्य साक्षरता मिशनचा 'चङ्ङाति' हा उपक्रम परराज्यांतून आलेल्या कामगारांना मल्याळम शिकवण्यासाठी आहे, तुमच्या वॉर्डातल्या साक्षरता केंद्रात चौकशी करा.

शब्द लक्षात राहण्याचं म्हणाल तर वहीत सुटा शब्द लिहूच नका. ऐकलेलं आख्खं वाक्य लिहा, कुणी आणि कुठे म्हटलं तेही लिहा, आणि त्याच दिवशी ते कुणावर तरी वापरा. दिवसाला तीन वाक्यं खूप झाली. शेजारणीला विचारायला एक वाक्य कायम जवळ हवं : 'इदिन् मलयाळत्तिल् ऎन्दा पऱया?', याला मल्याळममध्ये काय म्हणतात? न समजल्यास 'ऒन्नुगूडि पऱयू', पुन्हा एकदा सांगा. बातम्या ऐकून शिकू असं वाटेल, पण बातम्यांचं मल्याळम संस्कृतानं भरलेलं आणि भरभर असतं. सुरुवातीला स्वयंपाकाचे व्हिडिओ बरे. हातात वस्तू असते, तीच वाक्यं परत परत येतात, आणि उळ्ळि (छोटा कांदा), सवाळ (मोठा कांदा), वॆळुत्तुळ्ळि (लसूण), इञ्जि (आलं), वॆळिच्चॆण्ण (खोबरेल) हे शब्द पाठ न करता बसतात.

लहान मूल बरोबर आहे म्हणून दवाखान्याचे शब्द मात्र गावाकडूनच पक्के करून या. जूनमध्ये इकडे पाऊस धो-धो असतो आणि नवी मुलं हमखास आजारी पडतात. पनि म्हणजे ताप, चुम म्हणजे खोकला, जलदोषम् म्हणजे सर्दी, छर्द्दि म्हणजे उलटी, वयऱुवेदन पोटदुखी, तलवेदन डोकेदुखी. मरुन्न् म्हणजे औषध, गुळिग म्हणजे गोळी. डॉक्टर विचारतील, 'ऎत्र दिवसमायि?', किती दिवस झाले? उत्तर 'रण्ड् दिवसमायि'. औषध देणारा सांगेल 'मून्न् नेरम्', तीन वेळा, आणि 'भक्षणत्तिन् शेषम्', जेवणानंतर. ते समजलं नाही तर मान डोलावून निघू नका. चिठ्ठी पुढे करा आणि म्हणा, 'मनस्सिलायिल्ल, सावधानम् पऱयू'. दुकानात कितीही गर्दी असली तरी तो परत सांगतो.